पाचवी ओळ कुणाची?

नोकरीतल्या बहुतेक घटना आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतली ती एक मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात आतल्या पानावर कुठेतरी बातमी आली असेल. पण एका कामगाराचा हात चिरडायचा, त्याचं खापर एका निरपराध मुलीच्या डोक्यावर फोडायचं आणि वर साळसूदपणे 'हे मी नाही, कॉम्प्युटर सांगतोय' म्हणायचं, हा निर्लज्जपणा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नाव कुणाचंच घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती. मी फौजदार म्हणून पारनेर तालुक्यातल्या एका ठाण्यात होतो. पुणे-नगर रस्त्यालगत कारखान्यांच्या शेड एकेक करून उभ्या राहत होत्या आणि ती हद्द आमच्याकडे होती. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर होती. शनिवारी सकाळची हजेरी आटोपून मी ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी उभा होतो, तेवढ्यात नगरच्या दवाखान्याच्या चौकीवरून फोन आला. सुप्याच्या एका कारखान्यातला कामगार प्रेस मशीनमध्ये हात सापडून बुधवारीच दाखल झाला होता, खबर आमच्यापर्यंत यायला तीन दिवस लागले होते. उजव्या हाताची अंगठा सोडून सगळी बोटं गेली होती.

एक हवालदार बरोबर घेतला, वाटेत दोन पंच गाठले आणि घटनास्थळी गेलो. पंपाच्या मोटारींना लागणारी पत्र्याची झाकणं तिथे बनत. प्रेसचं काम समजायला सोपं आहे. खाली साचा असतो, त्यावर कामगार हाताने पत्रा ठेवतो, वरून लोखंडी ठोकळा दणकन येतो आणि झाकण तयार होतं. पत्रा आणि माणसाचा हात यातला फरक त्या ठोकळ्याला कळत नाही. म्हणून पुढे एक जाळी बसवतात. ती मिटल्याशिवाय ठोकळा खालीच येत नाही. या प्रेसला जाळी नव्हती. आणि मी पोचेपर्यंत फरशी धुऊन लख्ख केलेली होती. धुतलेल्या फरशीचा पंचनामा करताना हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा, फरशी ओली आहे म्हणून लिहा."

मालक समोर आला. पांढरा सफारी, कपाळाला गंध, अंगावर रक्ताचा एक शिंतोडा नाही.

"साहेब, फार वाईट झालं. पण आम्ही सगळं ड्रॉइंगप्रमाणे करतो. या, दाखवतोच."

त्याने मला काचेच्या एका खोलीत नेलं. दाराशी म्हणाला, "तेवढे बूट बाहेर काढा साहेब, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही." आत गारवा होता. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या पडद्याच्या वरच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं. मी मोज्यांवर उभा राहिलो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यंत्राला धूळ लागू नये म्हणून काचेची खोली, वातानुकूलन, चपलाबंदी. आणि माणसाच्या हातासाठी चार सळयांची जाळी नाही!

पडद्यावर त्याने प्रेसचं ड्रॉइंग दाखवलं. त्यात जाळी नव्हती. "आमच्या ड्रॉइंगवाल्या बाईंनी जाळी दाखवलीच नाही," तो म्हणाला. "जुनी ड्रॉइंग बघावीत म्हटलं तर तीही नाहीत. तिनेच प्रोग्राम लिहून ठेवलाय, तो आपोआप पुसतो." एवढं बोलून त्याने खणातून अर्ज काढला. टाइप केलेला, खाली सही, सहीखाली कारखान्याचा शिक्का. त्या मुलीच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, आणि तिने पुरावा नष्ट केला, सबब कारवाई व्हावी.

नोकरीत मी एक पाहिलं आहे. अपघात झाला की खरा माणूस गडबडतो, त्याला तारीखसुद्धा धड सांगता येत नाही. ज्याचा अर्ज शिक्क्यानिशी तयार असतो त्याच्याशी सावकाश बोलावं. मी अर्ज घेतला आणि बूट घालून निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, याला घेऊन कोण आलं? ते म्हणाले, "एक मुलगी आली होती टेम्पोतून. हाताला तिची ओढणी गुंडाळलेली होती. बुधवारी दिवसभर इथेच बसली होती." ती मुलगी म्हणजे अर्जातली ती आरोपी.

कामगार पंचविशीच्या आतला, सुप्याजवळच्याच खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. त्याने जबाब दिला तो छताकडे बघत. "माजीच चूक हुती सायेब. मीच हात घातला."

"जाळी होती का मशीनला?"

"मला न्हाई म्हाईत."

रोज ज्या मशीनवर उभा राहतो त्याला जाळी होती का हे त्याला माहीत नाही!  पडवीत त्याची आई बसली होती, तिच्याशेजारी कारखान्याचा एक माणूस फळांची पिशवी घेऊन बसला होता. त्या पिशवीकडे पाहिलं आणि जबाब कुणी शिकवला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वडिलांबरोबर ठाण्यात आली. वडील प्राथमिक शिक्षक, पारनेरकडचं बौद्ध कुटुंब. मुलीने आयटीआयला ड्रॉइंगचा कोर्स केला होता, मग नगरला कॉम्प्युटर शिकली होती. वडील म्हणाले, "साहेब, माझी मुलगी चुकली असेल तर मीच तुम्हाला सांगेन. फक्त बघितल्याशिवाय लिहू नका." मुलगी घाबरलेली नव्हती, संतापलेली होती. मला ते बरं वाटलं.

"ड्रॉइंगमध्ये जाळी मी दाखवली होती, सर. आणि ती मशीनला बसवलीही होती. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते रोज."

"मग कॉम्प्युटरमधल्या ड्रॉइंगमध्ये का नाही? आणि जुनी कुठे गेली?"

तिने मला तो सगळा प्रकार समजावला. तो तिच्या शब्दांत सांगतो, कारण त्यावरच सगळं ठरलं. ड्रॉइंगच्या फायली मोठ्या असतात, फ्लॉपी लहान. म्हणून फायली दाबून त्यांचं एक गाठोडं करायचं, गादीचा कापूस दाबून पोत्यात भरतात तसं. तेही एका फ्लॉपीत मावत नाही, म्हणून ते तीन फ्लॉप्यांवर पसरतं. तिन्ही असल्या तरच ते उघडतं. दर आठवड्याला तेच तेच हुकूम टाइप करायला नकोत म्हणून तिने ते एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवले होते. त्या फाइलचं नाव टाइप केलं की कॉम्प्युटर एकामागून एक ओळ वाचतो आणि तसं करतो.

"किती ओळी?" मी विचारलं.

"चार. जुना तात्पुरता कचरा काढ, सगळं बांध, बांधलेलं नीट आहे का तपास, झालं म्हणून सांग. ड्रॉइंग पुसायची ओळ मी लिहिलेलीच नाही. कोण आपलं काम आपल्या हाताने पुसेल?"

तिचं म्हणणं मला पटलं. पण पटणं आणि सिद्ध होणं यात फौजदारीत फार अंतर असतं. मी पुन्हा कारखान्यात गेलो तेव्हा मालकाने नगरहून कॉम्प्युटरवाल्याला बोलावून ठेवलं होतं. यानेच तो कॉम्प्युटर विकला होता. त्याने ती हुकमांची फाइल पडद्यावर उघडून दाखवली. ओळी पाच होत्या. पाचवी ओळ जुनी ड्रॉइंग पुसण्याची.

"सुरुवातीपासून अशीच आहे, साहेब," मालक म्हणाला.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

खोलीतल्या डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या मी जप्त केल्या. सगळ्या कोऱ्या निघाल्या. मालकाने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तुम्ही आपले म्हणून सांगतो. या लोकांना आपण संधी देतो, पण शेवटी ते..."

"कोण लोक?" मी मोठ्याने विचारलं. सगळ्या शेडला ऐकू जाईल असं. "बोला ना, कोण लोक?"

तो पाठ फिरवून काचेच्या खोलीत गेला. पण त्याची पोच वरपर्यंत होती. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "अहो, कॉम्प्युटरची भानगड आहे, आपल्याला त्यातलं काय कळतं? फिर्यादी स्वतः पुरावा देतोय. मुलीवर गुन्हा दाखल करा आणि मोकळे व्हा." मी 'होय सर' म्हणालो आणि रिसीव्हर आपटला. मोकळे व्हा! त्या मुलीचं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात जाणार, बापाने शाळेत मान खाली घालून शिकवायचं, आणि आम्ही मोकळे व्हायचं.

मी वर्दी उतरवून वसाहतीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. टपरीवाला ओळखीचा नव्हता, पण टपरीवाल्याला सगळं दिसतं आणि त्याला कुणी विचारत नाही. अर्धा कप संपेपर्यंत मी अपघाताचा विषयच काढला नाही. त्यानेच काढला, ग्लास विसळता विसळता, माझ्याकडे न बघता.

"सायेब, त्या परेसला जाळी हुती. पिवळी. दसऱ्यानंतर काडली. गोदामामागं पडल्याली म्या बघितली हाय."

"आता आहे?"

"कुटली! ज्या दिशी त्या पोराचा हात गेला, त्याच दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो आल्ता."

"आणखी काही?"

त्याने विसळलेला ग्लास पालथा ठेवला. "शुक्करवारी आपल्याकडं लाइट नसती, सुट्टी असती समद्यांना. पर ह्या शुक्करवारी त्यांचा जनरेटर चालू हुता. एक स्कुटरवाला आल्ता नगरचा. त्याला म्याच च्या निऊन दिला."

अपघात बुधवारचा होता. सुट्टीच्या दिवशी, जनरेटर लावून, कुणी काय काम केलं असेल? भंगाराच्या दुकानांत आम्ही शोध घेतला, पण जाळी वितळली होती की पुढे विकली गेली होती देव जाणे, मिळाली नाही. म्हणजे टपरीवाल्याच्या शब्दाशिवाय जाळी होती हे सांगणारं एकच उरलं होतं, ते ड्रॉइंग. आणि ते पुसलेलं होतं.

मुलीला पुन्हा बोलावलं. म्हटलं, "नीट आठव. त्या डब्याबाहेर एखादा संच कधी कुठे गेला होता? घरी नेलास? कुणाला दिलास?"

ती नाही म्हणत होती, आणि मग थांबली. "सर, खंडेनवमीला."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी औत-कुऱ्हाड पूजतो, आम्ही ठाण्यात बंदुका पूजतो, कारखान्यात पाने, हातोडे, मोजमापाची साधनं मांडतात. ती म्हणाली, "शेडमध्ये पूजा मांडली होती. कॉम्प्युटर उचलून तिथे नेता येईना. मालक म्हणाले, त्याच्या फ्लॉप्या मांडा, म्हणजे कॉम्प्युटरची पूजा झाली. मी त्याच सकाळी बांधलेला संच दिला."

"परत घेतलास?"

"नाही. पूजा झाल्यावर मालकच म्हणाले, नव्या वस्तू आहेत, असू देत देवापाशी. वर फळीवर ठेवल्या. पूजेतल्या वस्तूला मी कशी हात लावणार?"

मी पंचांना घेऊन तासाभरात कारखान्यात हजर झालो. शेडच्या भिंतीवर उंच एक फळी होती. त्यावर देवाची तसबीर, वाळलेली झेंडूची माळ, आपट्याची पानं, आणि तसबिरीच्या पायाशी लाल दोऱ्याने बांधलेल्या तीन फ्लॉप्या. वर हळदकुंकू. शिडी लावून पंचासमक्ष खाली घेतल्या तेव्हा मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. डब्यातली प्रत्येक फ्लॉपी त्याने पुसून घेतली होती, पण रोज ज्या देवाला उदबत्ती लावत होता त्याच्या पायाशी काय आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. इतकी खोल भक्ती!

"साहेब, पूजेचं आहे ते, अपशकुन होईल," तो म्हणाला.

"बोटं तुटली तेव्हा शकुन झाला होता का?" मी विचारलं.

ठाण्यात एक गंमत झाली तीही सांगतो. आमचे मुद्देमाल कारकून फार शिस्तीचे. जप्त वस्तू कापडात शिवायची आणि गाठीवर गरम लाख ओतून ठशाचं सील करायचं, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. त्यांनी सुई ओवली होती आणि लाखेची कांडी मेणबत्तीवर धरलीच होती. जबाबासाठी बसलेली ती मुलगी किंचाळली, "अहो काका, चटका नको! सुई नको!" शेवटी फ्लॉप्या माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, डबा कापडात शिवला आणि सील त्या कापडावर केलं. नंतर बरेच दिवस मी भाजी-भाकरी कागदात बांधून आणत होतो.

आता उघडणं. ते कारखान्याच्याच कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं, कारण तिथे आत्ता काय आहे आणि फ्लॉप्यांत काय आहे हे पंचांना शेजारी शेजारी दिसायला हवं होतं. मी मुलीला आणि तिच्या वडिलांना बरोबर नेलं. मालक उसळला, "आरोपीला मशीनला हात लावू देणार तुम्ही?"

"ती आरोपी नाही अजून. आणि हात ती लावणार नाही. हात तुमचा माणूस लावेल. ती फक्त बघेल."

कॉम्प्युटरवाला खुर्चीवर बसला. फ्लॉप्यांच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवली की त्यांवर काही लिहिता येत नाही. मुलीने सांगितल्यावर मी ती तिन्हींवर स्वतः सरकवली. एका फ्लॉपीच्या पत्र्याखाली कुंकू गेलं होतं. ते तिच्या वडिलांनी चष्म्याच्या फडक्याने हलकेच झटकलं. कॉम्प्युटरवाल्याने पहिली फ्लॉपी घातली. यंत्र घरघरलं, पडद्यावर काही इंग्रजी ओळ आली. तो म्हणाला, "खराब आहेत, साहेब. कुंकवामुळे गेल्या."

"खराब नाहीत," मुलगी म्हणाली. "तो शेवटची फ्लॉपी मागतोय. आत काय काय आहे ते शेवटच्या फ्लॉपीवर लिहिलेलं असतं, म्हणून तीच आधी घालायची. पडद्यावर लिहिलंय की!"

मी वाकून वाचलं. साध्या इंग्रजीत तेच लिहिलेलं होतं. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "घाला शेवटची."

शेवटची घातली, मग पहिली, मग दुसरी. त्याने भराभर काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर प्रश्न आला. तेवढ्यात ती मुलगी पुढे झेपावली.

"सर, थांबवा त्यांना! ते आत्ताच्या ड्रॉइंगवरच उघडतायत. हो म्हटलं की आत्ताचं जे आहे ते जाईल आणि त्या जागी जुनं बसेल!"

त्याचं बोट बटणावर होतं. मी त्याचं मनगट धरलं. इतकं जोरात की त्याची घड्याळाची पट्टी तुटली. यांचा डाव माझ्या लक्षात आला. आत्ताचं बदललेलं ड्रॉइंग जुन्याखाली गाडलं गेलं असतं, तर बदल कुणी केला हा प्रश्नच उरला नसता. जाळी ड्रॉइंगमध्ये होती, कुणीच काही केलं नाही, पोराने स्वतःच जाळी काढली असेल, असं म्हणायला हे मोकळे. आणि हे पोलिसांच्या देखत, पंचांच्या देखत, आमच्याच हातून करवून घेणार होते! अशी चीड मला नोकरीत फार कमी वेळा आली.

"हात वर घ्या," मी म्हटलं. "आता ही सांगेल तसंच टाइप करायचं. एक अक्षर इकडे तिकडे झालं तर बेड्या इथेच."

तिने वेगळी रिकामी जागा करायला लावली आणि गाठोडं तिथे उघडायला लावलं. एकेक नाव पडद्यावर येत गेलं. प्रेसचं ड्रॉइंग आलं. उघडलं, तर जाळी होती. मापांसकट, कुठला बोल्ट कुठे इथपर्यंत. पंचांपैकी एक किराणा दुकानदार होता, तोसुद्धा म्हणाला, "ही काय, दिसती की!"

नावांच्या शेवटी एक नाव निराळं होतं. मी विचारलं, "हे ड्रॉइंग नाही ना? हे आत कसं?"

"ती माझी हुकमांची फाइलच आहे, सर. मी तीही बांधते."

"का पण?"

ती वडिलांकडे बघून जराशी हसली. "बाबांची नोकरी तेव्हा पुणतांब्याला होती. आजी गावाहून एसटीने धान्याची पोती पाठवायची. वरची चिठ्ठी फाटली की पोतं कुणाचं, कुणी पाठवलं, काही कळायचं नाही. एकदा आमचं पोतं दुसऱ्याच्याच घरी गेलं. तेव्हापासून आजी एक चिठ्ठी आत, धान्यातही टाकायची. मी तसंच करते. कशाने बांधलं ते आतच असलं की बाहेर काही झालं तरी कळतं."

फाइल उघडली. ओळी चार. शेजारी कॉम्प्युटरमधली उघडली. ओळी पाच. खंडेनवमीच्या सकाळी पाचवी ओळ नव्हती. 'सुरुवातीपासून अशीच आहे' हे मालकाचं वाक्य मी तेव्हाच त्याच्या सहीनिशी जबाबात घेतलं होतं. दोन्हींचे छापील कागद काढले आणि प्रत्येकावर पंचांच्या सह्या घेतल्या. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. सरकारी वकील पुढे मला म्हणाले, "अहो, फ्लॉपी हा दस्तऐवज कसा म्हणायचा?" म्हणून कागद हवेच होते.

खंडेनवमीनंतर ती ओळ मुलीनेच वाढवली, असं म्हणायला मात्र त्यांना अजून जागा होती. ती बुजवायची होती. कॉम्प्युटरवाल्याला ठाण्यात आणून बसवलं. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. पाणी दिलं, घरची चौकशी केली. तो ठासून सांगत होता की दसऱ्यापासून अपघातापर्यंत आणि अपघातानंतरही मालकाने मला दाखवायला बोलावेपर्यंत तो सुप्याला फिरकलाच नाही. दोनदा सांगून झालं, तिसऱ्यांदा लिहून घेतलं. मग मी चहा मागवला. चहा घेऊन वसाहतीसमोरचा तो टपरीवाला आत आला, त्याला मी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. त्याने, ग्लास टेबलावर ठेवला आणि याच्याकडे बघून म्हणाला, "तुमचा बिनसाकरंचा हाय. त्या शुक्करवारी मागितल्ता तसाच केलाय."

 ग्लासाला हात न लावता कॉम्प्युटरवाल्याने सगळं सांगून टाकलं. मालकाने जनरेटर लावून ठेवला होता. याने ड्रॉइंगमधली जाळी काढून टाकली, जुनी ड्रॉइंग पुसली, फ्लॉप्या कोऱ्या केल्या आणि मुलीच्या फाइलला एक ओळ जोडली. "मालक म्हणाले, एक ओळ तर आहे. पुढची सगळी मशीनं माझ्याकडूनच घेणार होते."

एक ओळ तर आहे! एका माणसाची बोटं आणि एका मुलीची अब्रू, आणि या गृहस्थाला ती एक ओळ वाटत होती.

ड्रॉइंगचा छापील कागद घेऊन मी दवाखान्यात गेलो आणि त्या पोरासमोर धरला. फळांच्या पिशवीवाल्याला आधीच बाहेर काढलं होतं. कागद पाहून पोराचे डोळे भरले.

"हीच हुती सायेब. जाळी असली की माल सावकास निगतो. दिवाळीचा माल उरकंना म्हनून मालकानं काडाय लावली. मी म्हनलो हुतो, नगं. त्ये म्हनलं, काम करायचं का घरी जायाचं? आन् आता म्हनत्यात, तुजी चूक म्हन, तुला झाडायला ठिवतो."

"मग आधी का नाही बोललास?"

"हात गेल्याला मानूस कुटं जानार सायेब?"

मुलीवरचा अर्ज निकाली निघाला. गुन्हा दाखल झाला तो मालकावर, निष्काळजीपणे गंभीर दुखापत आणि खोटा पुरावा तयार करणे. कॉम्प्युटरवाला माफीचा साक्षीदार झाला. खटला काही वर्षं रखडला. तोवर माझी बदली झाली होती, मी साक्षीसाठी आलो होतो. मालकाला शिक्षा झाली, पण ती इतकी किरकोळ की सांगायची मला लाज वाटते. जामिनावर तो त्याच दिवशी घरी जेवायला गेला.

त्या कोर्टातलं एक दृश्य मात्र मी विसरणार नाही. बचावाचे वकील मुलीला घोळवून घोळवून विचारत होते. तेव्हा ती नगरला दुसरीकडे नोकरी करत होती. वकील म्हणाले, "बाई, शेवटी हे सगळं यंत्राने केलं, माणसाने नाही, बरोबर?"

ती शांतपणे म्हणाली, "यंत्राला मी चार ओळी सांगितल्या होत्या, साहेब. त्याने चार केल्या. पाचवी ज्याने सांगितली त्याला विचारा."

तिच्यानंतर तो पोरगा पिंजऱ्यात आला. जबाब झाल्यावर कारकुनाने सवयीने कागद त्याच्या उजव्या बाजूला सरकवला. त्याने तो डाव्या हाताने ओढून घेतला आणि पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत सही केली. 

या प्रकरणाने मला काय शिकवलं? यंत्राला मी तेव्हापासून घाबरत नाही, आणि त्याची भक्तीही करत नाही. आता निवृत्त झालोय. पेन्शनच्या कामाला गेलो की खिडकीतली तरुण मुलं सांगतात, 'सर, सिस्टीमनेच नाव उडवलं, आम्ही काही केलं नाही.' रेशनच्या दुकानात एका म्हातारीला परवा हेच सांगून परत पाठवत होते. मी रांग सोडून पुढे गेलो आणि विचारलं, 'ती ओळ कुणी घातली? नाव सांगा.' दुकानदार माझ्याकडे वेडा म्हातारा म्हणून बघत राहिला. बघू दे. मला त्याच्या जागी धुतलेली फरशी दिसत होती, आणि डाव्या हाताने सही करणारा तो पोरगा. म्हातारीला धान्य मिळेपर्यंत मी तिथून हललो नाही.